शस्त्रक्रियागृहातील हवेचा हिशेब

(सप्टेंबर २०२५ मधील देणगीदार व हितचिंतक मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या निवेदनाचे शब्दांकन)



अहवालासोबत जोडलेल्या जमाखर्चात ‘शस्त्रक्रियागृह वातानुकूलन’ या शीर्षाखाली यंदा मोठी रक्कम दिसते. तिच्याविषयी आमच्याकडे काही पत्रे आली. तीन वर्षांपूर्वीच्या अहवालातही याच शीर्षाखाली खर्च दाखविला होता. मग ते यंत्र गेले कोठे, असे एका ज्येष्ठ देणगीदारांनी विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. ज्यांनी निवृत्तिवेतनातून बाजूला काढून पैसे दिले, त्यांना तो विचारण्याचा अधिकारही आहे. त्यांना पत्राने उत्तर धाडून विषय मिटविता आला असता. परंतु यात प्रशासनाची, म्हणजे आमची, चूक आहे आणि ती आपणा सर्वांसमोर सांगणे उचित, असे विश्वस्त मंडळाचे व आमचेही मत पडले.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. तुलनात्मक तक्ता मांडणे हे आमचे रोजचे काम. २०२१ च्या अखेरीस दोन्ही शस्त्रक्रियागृहांचे नूतनीकरण ठरले, तेव्हा वातानुकूलनासाठी चार दरपत्रके मागविली. तीन आली. आम्ही तक्ता केला: यंत्राची क्षमता किती टन, हमी किती वर्षे, रक्कम किती. क्षमता तिघांचीही सारखीच होती, कारण तिघांनीही जमिनीचे क्षेत्रफळ मोजून तिचा अंदाज बांधला होता. राहिली रक्कम. सर्वांत कमी दर घाटावरील एका कंत्राटदाराचा होता, आणि इतरांच्या मानाने तो बराच कमी होता. तक्त्याखाली आम्ही स्वाक्षरी केली, विश्वस्तांनी आमच्यावर विसंबून मान्यता दिली, आणि मार्च २०२२ मध्ये काम पूर्ण झाले. त्या गृहस्थांनी फसवणूक केली असे आम्ही म्हणणार नाही. कोरड्या प्रदेशात ते जसे काम करीत आले होते, तसेच त्यांनी येथे केले. एप्रिल-मे महिन्यांत यंत्रे उत्तम चालली. शल्यचिकित्सकांनी समाधान व्यक्त केले आणि आम्ही काटकसरीबद्दल स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

पुढे मृग लागला.

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवरचा पावसाळा आपणांस नव्याने सांगावयास नको. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस. बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, पेटीतल्या कपड्यांना कुबट वास येतो आणि जांभ्या दगडाच्या भिंती श्रावण सरेपर्यंत ओल धरून राहतात. आपली मूळ इमारत जांभ्याचीच आहे. शस्त्रक्रियागृहात पहिली कुरबुर केली ती तेथील परिसेविका ताईंनी. उपकरणांची ट्रॉली सकाळी हाताला ओलसर लागते, चिकटपट्टी नीट चिकटत नाही, निर्जंतुक कापडांच्या गठ्ठ्यांना दमट वास येतो, असे त्यांनी लेखी कळविले. त्यावर आम्ही काय करावे? यंत्राचे तापमान आणखी तीन अंशांनी खाली आणण्यास सांगितले. थंडी वाढली की ओल जाईल, अशी आमची समजूत. गारवा वाढला आणि ओलही वाढली. भूलतज्ज्ञ आत स्वेटर घालून उभे राहू लागले आणि भिंतीवरच्या घड्याळामागे पाण्याचे थेंब दिसू लागले.

तो पावसाळा आम्ही पुसापुशीवर काढला. २०२३ च्या जुलैत मात्र हवा सोडणाऱ्या जाळीभोवती काळे ठिपके आढळले. ती बुरशी होती. तपासणीसाठी हवेत उघड्या ठेवलेल्या बशांमध्येही ती वाढली. शल्यचिकित्सकांनी त्याच दिवशी दोन्ही शस्त्रक्रियागृहे बंद करण्याचा निर्णय घेतला, आणि तो निर्णय योग्यच होता.

शस्त्रक्रियागृहे चोवीस दिवस बंद राहिली. या चोवीस दिवसांत ज्यांच्या घरचे रुग्ण आपल्या दारातून परत पाठवावे लागले, त्यांपैकी काही कुटुंबे आज या सभागृहात उपस्थित आहेत. मांडीचे हाड मोडलेल्या एका आजींना भर पावसात आंबा घाटाने कोल्हापूरला न्यावे लागले. घाटात दरड आल्यामुळे त्यांची रुग्णवाहिका वाटेत कित्येक तास अडकून पडली. आजी बऱ्या होऊन घरी आल्या, हे आपले भाग्य. धर्मादाय रुग्णालयांच्या योजनेप्रमाणे आपल्या १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. त्या रुग्णांपैकी काहींनी कोल्हापूरचे नाव काढताच शस्त्रक्रियाच पुढे ढकलली. दरपत्रकातील बचतीचा आकडा आमच्याकडे आजही आहे. तो या प्रसंगांसमोर ठेवून पाहण्याचे धैर्य आम्हांला पुष्कळ दिवस झाले नाही.

आता मूळ दोष काय होता, ते सांगतो. वातानुकूलनाच्या व्यवसायात आयुष्य घालवून निवृत्त झालेले एक अभियंते आपल्या एका देणगीदारांचे स्नेही. त्यांनी मोबदला न घेता दोन दिवस आपल्याकडे मुक्काम केला. पहिल्या दिवशी त्यांनी कोणतेही मोजमाप न घेता केवळ एक बादली मागितली. यंत्रातून पाणी बाहेर नेणाऱ्या नळीखाली ती ठेवली आणि आम्हांला शेजारी खुर्ची टाकून बसविले. दोन तासांत बादलीचा तळ जेमतेम झाकला. यंत्र मधून मधून पाच-सात मिनिटे चाले व थांबे. पंखा तेवढा अखंड फिरत राही.

“साहेब, तुमचे यंत्र हवा गार करते, वाळवत नाही,” एवढेच ते म्हणाले.

यंत्राची क्षमता टनांत सांगतात, तो टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळविण्यास जी उष्णता लागते, ती या व्यवसायात ‘एक टन’. (आमची समजूत इतकी वर्षे वजनाचीच होती, हे सांगण्यास संकोच वाटतो.) ही क्षमता दोन कामांत खर्च होते: हवा थंड करणे, आणि हवेतील वाफेचे पाणी करून ते बाहेर काढणे. उन्हाळ्यात पहिले काम मोठे. आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरचे तापमान मुळातच कमी असते. त्यामुळे क्षेत्रफळावरून बसविलेले मोठे यंत्र काही मिनिटांतच खोली ठरलेल्या अंशावर आणते आणि थांबते. पाणी काढण्यास त्याला वेळच मिळत नाही. वर पंखा चालू राहिल्याने थंड नळ्यांवर जमलेले थोडेबहुत पाणी पुन्हा हवेत उडून खोलीतच परतते. तापमापकाकडे पाहणाऱ्यास सर्व ठीक दिसते. आम्ही तापमापकाकडेच पाहत होतो. तापमान आणखी खाली आणल्यावर भिंती इतक्या गार झाल्या की दारांच्या फटींतून येणाऱ्या दमट हवेचे त्यांच्यावर पाणी होऊ लागले.

रुग्णालयांच्या मानांकनासाठी असलेल्या एनएबीएच या राष्ट्रीय मंडळाची शस्त्रक्रियागृहाच्या हवेविषयी मार्गदर्शक तत्त्वे आहेत. तापमान २१ अंश सेल्सिअस, तीन अंश कमीजास्त. सापेक्ष आर्द्रता २० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान. तासाला किमान २० वेळा खोलीतील हवेची फेरपालट आणि त्यांपैकी किमान ४ वेळा बाहेरची ताजी हवा. आपल्याकडे ताजी हवा घेण्यासाठी भिंतीत एक पंखा बसविला होता खरा, पण पावसाळ्यात त्याच्या गाळणीतून पाणी टपकते म्हणून कर्मचारी तो बंद ठेवीत. म्हणजे पंखा चालू ठेवावा तर ओल, बंद ठेवावा तर शुद्ध हवा नाही.

अभियंत्यांनी दुसऱ्या दिवशी आमच्याच भाषेत, म्हणजे हिशेबाच्या भाषेत, सारे कागदावर मांडले. आपले प्रत्येक शस्त्रक्रियागृह २० फूट लांब, २० फूट रुंद आणि १० फूट उंच. तासाला चार वेळा ताजी हवा घ्यावयाची, म्हणजे १६ हजार घनफूट. वजनाने सुमारे ५२० किलो. जुलैतील एखाद्या दिवशी बाहेर ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेच्या दर किलोत सुमारे २३ ग्रॅम पाणी असते. आत २१ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता हवी असल्यास साडेआठ ग्रॅमच चालते. वरचे साडेचौदा ग्रॅम काढावेच लागतात. गुणाकार केला तर तासाला साडेसात लिटर पाणी होते, आणि तेही केवळ ताज्या हवेतले, एका खोलीचे. हे पाणी काढण्यातच सुमारे दीड टन क्षमता खर्ची पडते. तीनही दरपत्रकांत या पाण्याचा उल्लेख नव्हता. आमच्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता.

ऑगस्ट २०२३ मध्ये सुटी आर्द्रताशोषक यंत्रे आणून आणि भिंती खरवडून, रंगवून आपण शस्त्रक्रियागृहे पुन्हा सुरू केली. ती तात्पुरती सोय होती. पहिल्या कंत्राटदाराकडे भरपाई मागावी, असे काही विश्वस्तांनी सुचविले. आम्ही करारपत्र काढून पाहिले. त्यात तापमानाची हमी होती आणि ती त्यांनी पाळली होती. आर्द्रता हा शब्द कोठेही नव्हता. वकिलांचा सल्लाही प्रतिकूल पडला. ते पैसे परत मिळालेले नाहीत आणि मिळणारही नाहीत. यंत्रांपैकी एक या सभागृहात बसविले आहे, दुसरे बाह्यरुग्ण विभागात. आपण या क्षणी त्याच यंत्राच्या गारव्यात बसला आहात.

२०२४ मध्ये नव्याने कंत्राटदार निवडताना आम्ही क्रम उलटा केला. किती टनांचे यंत्र हवे, हे सांगणे सोडून दिले. जुलै महिन्यात, दोन्ही दालने वापरात असताना, सलग तीन दिवस आतले तापमान व आर्द्रता या मर्यादेत राहिली पाहिजे, एवढेच लिहिले आणि ते कसे साधणार, ते आकडेमोडीसह मागितले. शिवाय प्रत्यक्ष पाहणी पावसाळ्यातच करावी, अशी अट घातली. पाच जणांना बोलाविले. दोघांनी पावसात येणे शक्य नाही म्हणून कळविले. त्यांची निवड आपोआपच टळली. एकांनी छायाचित्रे मागवून दूरध्वनीवरच दर सांगितला.

उरलेल्या दोघांपैकी ज्यांना पुढे काम दिले, त्यांनी दिवसभरात आम्हांला इतके प्रश्न विचारले की आमचा धीर सुटू लागला. शस्त्रक्रियेच्या वेळी आत किती माणसे असतात? दिवे किती वॅटचे? छत गळते का? आणि बाजूच्या खोलीतील ऑटोक्लेव्हची वाफ जाते कोठे? हा शेवटचा प्रश्न आम्हांला कोणी कधी विचारला नव्हता. त्यांच्यासोबत जाऊन पाहिले, तर वाफेची नळी तुटलेली आणि सारी वाफ शस्त्रक्रियागृहाच्या मार्गिकेत. यंत्र कोणतेही बसविले असते तरी ही वाफ आत येतच राहिली असती. ती नळी आपल्या प्लंबरने दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केली.

किनाऱ्यावरील एका रुग्णालयात त्यांनी सहा वर्षांपूर्वी केलेले काम आम्ही पाहून आलो. तेथील डॉक्टरांना भेटलो, ते शिष्टाचार म्हणून. खरी माहिती गच्चीवर तेथील वीजतंत्र्यांनी दिली. खाऱ्या वाऱ्यात तांब्याच्या नळ्यांवरील अॅल्युमिनियमच्या पातळ पात्या गंजून भुग्यासारख्या झडतात. तशी झडलेली दुसऱ्याच कोणाची तरी दोन यंत्रे त्याच गच्चीवर पडून होती. यांच्या यंत्रांच्या पात्यांना लेप दिलेला होता आणि त्या शाबूत होत्या. नळ्या धुण्यास माणूस वेळेवर येतो का, असे विचारता त्या वीजतंत्र्यांनी वहीच उघडून दाखविली. आमच्या दृष्टीने त्या वहीचे मोल कोणत्याही प्रशस्तिपत्रकाहून अधिक होते.

दरपत्रक उघडले तेव्हा विश्वस्त मंडळात सर्वाधिक चर्चा झाली ती एका ओळीवर. त्यात हवा गरम करण्याची सोय धरली होती. “कोकणात हीटर कशाला?” असा प्रश्न एका आदरणीय विश्वस्तांनी केला, आणि तो आमच्याही मनात होता. उत्तर असे मिळाले. हवेतील पाणी साडेआठ ग्रॅमपर्यंत उतरविण्यासाठी ती ११-१२ अंशांपर्यंत थंड करावी लागते. तशीच ती तासाला वीस फेऱ्यांनी आत सोडली तर दालन बर्फाच्या पेटीसारखे होईल. आणि भूल दिलेल्या रुग्णाला स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही. म्हणून वाळविलेली हवा आत सोडण्यापूर्वी थोडी कोमट करावी लागते. विजेचा हीटर दिवसभर चालविणे परवडणारे नव्हते. कंत्राटदारांनी कॉम्प्रेसरमधून एरवी बाहेर फेकली जाणारी उष्णताच यासाठी वापरण्याचे सुचविले. यंत्राची किंमत त्यामुळे वाढली. विजेचे देयक, घसारा व देखभाल दहा वर्षांसाठी मांडून आम्ही दुसरा तक्ता केला आणि तो पाहून विश्वस्तांनी ती ओळ कायम ठेवली. हे दरपत्रक दोहोंपैकी महाग होते, हेही येथे नोंदवितो.

करारात आम्ही एकूण रकमेचा चौथा हिस्सा पावसाळी चाचणी होईपर्यंत राखून ठेवला. कंत्राटदारांनी कुरकुर केली. अखेरीस मान्य केले. जुलैत घाट बंद पडला तर तंत्रज्ञ येणार कसा, हा आपला नेहमीचा प्रश्न. म्हणून पंख्याची मोटर, पट्टे, संवेदक असे ठरावीक सुटे भाग आपल्याच भांडारात ठेवावयाचे आणि आपल्या दोन वीजतंत्र्यांना ते बदलण्याचे शिक्षण द्यावयाचे, असे कलम घातले. वार्षिक देखभालीची पहिली फेरी मृगापूर्वी पूर्ण झालीच पाहिजे, हेही लिहून घेतले.

काम एप्रिल २०२५ मध्ये झाले. जुलैत चाचणी घेतली, ती एका दालनात उत्तीर्ण झाली, दुसऱ्यात नाही. पहाटेच्या वेळी आर्द्रता ६६ टक्क्यांपर्यंत चढे. कंत्राटदार प्रथम दाराला दोष देत होते. दार बदलून पाहिले. फरक पडला नाही. मग फॉल्स सीलिंगच्या वर चढून तपासले, तेव्हा यंत्राकडे हवा परत नेणाऱ्या डक्टचा एक सांधा उघडा सापडला. माळ्यावरची दमट हवा तो ओढून घेत होता. चौथा हिस्सा हाती नसता तर हा सांधा शोधण्यास कोणी पुन्हा आले असते की नाही, याविषयी आम्हांला शंका आहे. ऑगस्टमध्ये पुन्हा तीन दिवस चाचणी झाली. बहात्तर तासांत दोन्ही दालनांत आर्द्रता ५८ टक्क्यांवर गेली नाही. आम्ही हौसेने नळीखाली तीच जुनी बादली लावली. पंधरा लिटरांची बादली दोन तासांच्या आतच काठोकाठ भरली. राखून ठेवलेली रक्कम त्याच आठवड्यात अदा केली. ती पुढील वर्षाच्या जमाखर्चात दिसेल.

प्रसूती विभागातील लहान शस्त्रक्रियागृह अद्याप जुन्या दोन स्प्लिट यंत्रांवरच चालते. तेथे सुटे आर्द्रताशोषक यंत्र ठेवले आहे आणि त्याची टाकी दर चार तासांनी मावशी रिकामी करतात. हे काम २०२६ च्या पावसाळ्यापूर्वी व्हावे अशी इच्छा आहे. त्याची आकडेमोड तयार आहे. निधी पुरेसा नाही. या कामासाठी देणगी देणाऱ्यांना दरपत्रके, दोन्ही तक्ते आणि करारपत्र पाहावयास मिळेल, अशी व्यवस्था केली आहे.

प्रत्येक शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी आता आर्द्रतामापक लावला आहे. परिसेविका ताई सकाळी पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वी आणि सायंकाळी त्याची नोंद घेतात. आकडा ६० च्या वर असेल तर नियोजित शस्त्रक्रिया सुरू करावयाची नाही, हा अधिकार त्यांना लेखी दिला आहे. त्यासाठी आमच्या परवानगीची आवश्यकता नाही. नोंदवही कार्यालयात सकाळी दहा ते एक या वेळेत कोणासही पाहता येईल.